पिंग आला, पण प्रयोग परत आला का?

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातली गोष्ट. २०२१ची दिवाळी नुकतीच झाली होती. प्रोजेक्टसाठी माझ्या लिनक्स लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये तीन व्हर्च्युअल मशीन चालायच्या. होस्टवरचा, म्हणजे खऱ्या लॅपटॉपवरचा, प्रोग्रॅम त्या तिघींना निरोप पाठवायचा आणि उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजायचा. एवढाच प्रयोग. सुट्टीत घरी बसून मी सगळी सॉफ्टवेअर अपडेट केली. दुसऱ्या दिवशी मशीन सुरू झाल्या, लॉगिन झालं, आत सगळं जागच्या जागी होतं. फक्त होस्टवरून त्यांच्यापर्यंत पोहोचता येईना.

दोन दिवस डोकं आपटल्यावर एका मित्राने सांगितलं, "अगं, होस्ट-ओन्ली सोड, एनएटी लाव आणि पोर्ट फॉरवर्ड कर." केलं. गेस्टमधून बाहेर पिंग गेला, प्रोग्रॅमही जोडला गेला. मी खूश. पुढचे दोन आठवडे रीडिंग्ज घेतली आणि आधीच्याच तक्त्यात खाली चिकटवली. नवीन वेळा जरा जास्त येत होत्या. त्यासाठी मी एक छान परिच्छेदही लिहिला: निरोपाचा आकार वाढवल्यामुळे असं होतंय म्हणून. मॅडमनी आलेख पाहिला, एका जागी बोट ठेवलं आणि विचारलं, "या तारखेला काय बदललंस?" मी म्हटलं, "काही नाही, मॅडम."

आणि मला ते खरंच वाटत होतं. म्हणून ही पोस्ट.

तुमच्यापैकी बरेच जण लवकरच संशोधनाला लागाल, आणि कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर "आपण सगळं व्हीएममध्ये ठेवू, म्हणजे प्रयोग गोठून राहील" असं तुम्हाला कोणीतरी सांगेल. हे अर्धंच खरं आहे. गोठते ती गेस्टची डिस्क. नेटवर्क मात्र गेस्टच्या आत राहत नाही. ते गेस्ट आणि होस्ट यांच्या मधल्या जागेत राहतं: होस्टच्या कर्नलमध्ये, व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअरमध्ये, फायरवॉलमध्ये. होस्ट बदलला की ती मधली जागा बदलते. स्नॅपशॉटवर मागे गेलात तरी ती मागे जात नाही, कारण स्नॅपशॉटमध्ये मशीनची डिस्क आणि मशीनची सेटिंग असतात; होस्टवरच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती नसते.

मग या बदलांबद्दल आपल्याला कोण सांगतं? सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचे कागद: चेंजलॉग, मॅन्युअल, रिलीज नोट्स. आपण पेपर चिकित्सकपणे वाचायला शिकतो, पण हे कागद वाचतच नाही. वाचलेच तर चूक शोधायला वरवर चाळतो. आज मी असे तीन कागद पेपरसारखे वाचणार आहे. प्रत्येकाला चार प्रश्न. काय बदललं ते सांगितलंय का? ते मला लागू आहे का, हे अपग्रेडच्या आधी कसं तपासायचं ते सांगितलंय का? का बदललं ते सांगितलंय का? आणि उपाय केल्यावर मी पूर्वीच्याच जागी येते की वेगळ्या जागी, हे कळतं का?

पहिला कागद: व्हर्च्युअलबॉक्स ६.१.२८

ही आवृत्ती ऑक्टोबर २०२१मध्ये आली. आधीच्या आवृत्तीच्या आकड्यात शेवटचा अंक तेवढा बदललेला. म्हणजे कोणालाही वाटावं की बारीकसारीक दुरुस्त्या असतील. पण तिच्यात एक मोठा बदल होता. लिनक्स, मॅक आणि सोलारिस होस्टवर होस्ट-ओन्ली अडॅप्टरला यापुढे १९२.१६८.५६.०/२१ या पट्ट्यातलेच पत्ते देता येणार, म्हणजे १९२.१६८.५६.० पासून १९२.१६८.६३.२५५ पर्यंत. दुसरा पट्टा हवा असेल तर होस्टच्या 'ईटीसी' फोल्डरमध्ये 'व्हीबॉक्स' नावाचा फोल्डर करून त्यात 'नेटवर्क्स डॉट कॉन्फ' ही फाइल ठेवायची आणि तिच्यात परवानगीचे पट्टे लिहायचे.

माझं नेटवर्क १९२.१६८.१००चं होतं. पट्ट्याबाहेर. अडॅप्टर होता, पण त्याला पत्ता मिळत नव्हता. पत्ता द्यायला गेलं की 'प्रवेश नाकारला' अशा अर्थाची एरर. विंडोजवर काम करणाऱ्या मैत्रिणीकडे तीच आवृत्ती आणि तसलंच नेटवर्क बिनतक्रार चालू होतं, कारण हा नियम विंडोजला नव्हताच. त्यामुळे आम्ही दोघींनी निष्कर्ष काढला की माझं लिनक्सच बिघडलंय. बघा, चुकीच्या तुलनेतून किती पटकन चुकीचा निष्कर्ष निघतो.

आता कागदाचं मूल्यमापन. पहिल्या प्रश्नाला पूर्ण गुण: काय बदललं ते मॅन्युअलमध्ये स्पष्ट आहे, फाइल कशी लिहायची त्याचं उदाहरणही आहे. दुसऱ्याला अर्धे: पट्टा दिलाय, तपासणी तुमची तुम्ही करायची. तिसऱ्या प्रश्नावर हा कागद मला सगळ्यात कमी पडलेला वाटतो. कारण फाइलच्या जागेवरून आपल्याला ओळखावं लागतं. 'ईटीसी'मध्ये लिहायचा अधिकार फक्त रूटला असतो. म्हणजे आधी जे काम साधा वापरकर्ता करू शकत होता, ते आता प्रशासकाच्या परवानगीने व्हावं असा हेतू दिसतो. होस्टच्या नेटवर्कवर कुठलाही पत्ता कोणीही लावू शकणं ही सुरक्षेच्या दृष्टीने बरी गोष्ट नाहीच.

पण हे 'का' ठळक नसल्यामुळे काय झालं? सर्वात जास्त फिरलेला उपाय होता: त्या फाइलमध्ये शून्य-शून्यचा पट्टा लिहा, म्हणजे सगळेच पत्ते चालतील. तो चालतो, यात वाद नाही. पण कुलूप का लावलंय ते न विचारता दारच काढून ठेवण्यातला हा प्रकार. माझ्यासाठी बरोबर उपाय एका ओळीचा होता: फाइलमध्ये फक्त १९२.१६८.१००चा पट्टा लिहायचा. नेटवर्क जसंच्या तसं परत आलं असतं आणि रीडिंग्जही वाया गेली नसती. मी मात्र वाटच बदलली. होस्ट-ओन्लीमध्ये निरोप होस्टच्या एका आभासी कार्डावरून थेट गेस्टकडे जातो. एनएटीमध्ये तो व्हर्च्युअलबॉक्सच्या भाषांतर करणाऱ्या भागातून जातो. ज्या प्रयोगात वेळच मोजायची आहे, त्यात मी मोजपट्टीच बदलली होती.

दुसरा कागद: 'अंदाज बांधता येणारी' नावं

हा कागद जुना आहे, पण याच्यामुळे तुटलेली नेटवर्क आजही भेटतात. जानेवारी २०१३मध्ये सिस्टमडीच्या १९७व्या आवृत्तीत नेटवर्क कार्डांना नावं देण्याची नवी पद्धत आली. आधी कर्नलला जे कार्ड आधी सापडेल ते 'ईटीएच-०', पुढचं 'ईटीएच-१'. दोन कार्डं असली तर पुढच्या बूटला अदलाबदल होण्याची भीती. नव्या पद्धतीत नाव कार्डाच्या जागेवरून ठरतं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये 'ईएनपी-०-एस-३' असं नाव दिसतं ना, त्याचा अर्थ: इथरनेट, बस क्रमांक ०, स्लॉट क्रमांक ३.

या पद्धतीची ओळख करून देणारं पान मी वाचायला घेतलं तेव्हा मला ते एका चांगल्या पेपरच्या प्रस्तावनेसारखं वाटलं. जुन्या पद्धतीत काय अडचण होती, आधी कोणते उपाय झाले, ते का पुरले नाहीत, आपला उपाय काय, आणि नको असेल तर बंद कसा करायचा, सगळं क्रमाने. 'का' या प्रश्नाला तिन्ही कागदांमध्ये सर्वात चांगलं उत्तर इथे आहे.

माझी तक्रार नावाबद्दल आहे. 'अंदाज बांधता येणारी' हा शब्द वाचून आपण मनात 'न बदलणारी' असं भाषांतर करतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जागेवरून नाव ठरतं म्हणजे जागा बदलली की नावही बदलणार, आणि ते कसं बदलेल याचा अंदाज बांधता येईल. एवढंच वचन आहे. व्हीएममध्ये जागा बदलणं फार सोपं असतं. मशीनचा आभासी चिपसेट बदला, एखादं डिव्हाइस वाढवा, मशीन दुसऱ्या हायपरवायझरवर न्या: कार्ड तेच, पण स्लॉट वेगळा, म्हणून नाव वेगळं. कॉन्फिगरेशन फाइलमध्ये मात्र जुनंच नाव. मशीन जुन्या नावाच्या कार्डाची वाट पाहत बसते आणि आपण केबल, राउटर, डीएनएस तपासत बसतो.

शिवाय नाव ठरवण्याचे नियमही आवृत्तीगणिक बदलत गेले. म्हणून सिस्टमडीने पुढे नियमांच्या संचांनाच आवृत्ती क्रमांक दिले आणि बूटच्या वेळी "मला अमुक आवृत्तीचेच नियम लाव" असं सांगायची सोय केली. त्याचं मॅन्युअल पान बघा: कोणत्या आवृत्तीत कोणता नियम बदलला याची यादी आहे. मला हे पान मूळ ओळखपानापेक्षा जास्त प्रामाणिक वाटतं. पहिलं पान वचन देतं, दुसरं त्या वचनाच्या मर्यादांची नोंद ठेवतं. प्रबंधात तुम्हाला दोन्ही लिहावी लागतील, आणि वायवाला प्रश्न दुसऱ्यावर येतील.

तिसरा कागद: डेबियन १०च्या रिलीज नोट्स

जुलै २०१९मध्ये डेबियन १० आलं. जी यंत्रं जुन्या आवृत्त्यांवरून अपग्रेड होत आली होती, त्यांच्यात 'ईटीएच-०' हे नाव एका जुन्या नियम-फाइलमुळे टिकून होतं. त्या फाइलचा अधिकृत आधार या आवृत्तीत संपला. म्हणजे बरीच वर्षं नीट चाललेला सर्व्हर अपग्रेडनंतर नेटवर्कशिवाय उठण्याची शक्यता.

डेबियनच्या नोट्समध्ये यावर एक छोटा भाग आहे, आणि तो वाचण्यासारखा आहे. तो आधी सांगतो की हे कोणाला लागू आहे. मग सांगतो की अपग्रेडच्या *आधी* स्थलांतर करून घ्या. नवीन नाव काय असेल ते कोणत्या कमांडने आधीच पाहता येईल ते देतो. जुनं नाव फायरवॉलमध्ये आणि इतर कॉन्फिगरेशनमध्ये कुठे कुठे लिहून ठेवलंय ते शोधायला लावतो. आणि हा भाग हेही लपवत नाही की जुनी पद्धत काही ठिकाणी चालूही राहू शकेल.

चारपैकी तीन प्रश्नांना इथे चांगली उत्तरं मिळतात. विशेष म्हणजे 'आधी' हा शब्द. पहिल्या दोन कागदांचा वाचक बिघाड झाल्यावर येतो. डेबियनचा वाचक बिघाडाच्या आधी यावा अशी लेखकांची अपेक्षा आहे, आणि लेखन त्या अपेक्षेनुसार झालंय. यात साहित्यिक काही नाही, पण वाचकाची काळजी आहे. पद्धतीवरचं प्रकरण लिहाल तेव्हा हा भाग नमुना म्हणून समोर ठेवा, असं मी सुचवेन.

तिघांतही नसलेली गोष्ट

चौथ्या प्रश्नाला एकाही कागदात उत्तर नाही. उपाय केल्यावर मी पूर्वीच्याच जागी आले का?

हा त्यांचा दोष मानावा का? मला नाही वाटत. व्हर्च्युअलबॉक्सच्या लेखकांना माझ्या रीडिंग्ज माहीत नाहीत. त्यांच्या दृष्टीने पॅकेट पोहोचलं की काम झालं. सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाच्या दृष्टीनेही झालं. संशोधकाच्या दृष्टीने मात्र तिथे फक्त अर्धं काम झालं. 'चालू होणं' आणि 'पूर्ववत होणं' यांच्यातलं अंतर मोजायची जबाबदारी प्रयोग करणाऱ्याची आहे. माझी खरी टीका आपल्या सवयीवर आहे: पिंग आला की आपण टर्मिनल बंद करतो.

याचं उत्तर मला अनपेक्षित ठिकाणी सापडलं. मी नवीन पनवेलला राहते. इथे कळंबोली हायवेजवळ भारतीय भूचुंबकत्व संस्थान आहे. या संस्थेचा वारसा मुंबईच्या कुलाबा वेधशाळेपर्यंत जातो. ती वेधशाळा १८२६ची. तिथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी दशकानुदशकं चालल्या होत्या. १८५९चं प्रसिद्ध सौर वादळही तिथल्या नोंदींमध्ये सापडतं. मग मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. विजेच्या प्रवाहाने चुंबकीय नोंदी बिघडणार, हे उघड होतं. वेधशाळा हलवणं भाग होतं.

आता विचार करा: शहराचं 'अपग्रेड' झालं आणि प्रयोगाचं नेटवर्क तुटणार. माझ्यासारखीने काय केलं असतं? नवी जागा शोधली असती, उपकरण लावलं असतं, काटा हलतोय ना बघितलं असतं, आणि नवी रीडिंग्ज जुन्या तक्त्यात खाली चिकटवली असती.

त्यांनी तसं केलं नाही. नानाभॉय मूस तेव्हा वेधशाळेचे संचालक होते. अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा १९०४मध्ये सुरू झाली, पण कुलाब्याच्या नोंदी लगेच थांबवल्या नाहीत. १९०६पर्यंत, म्हणजे दोन वर्षं, दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. कारण अलिबागचं क्षेत्र कुलाब्यासारखंच असेल असं धरून चालणार नव्हतं. दोन्हींत किती फरक आहे हे माहीत असल्याशिवाय मालिका जोडता येणार नव्हती. विजेची ट्राम मुंबईत धावली १९०७मध्ये. तोवर सांधा जुळून तयार होता. म्हणूनच कुलाबा आणि अलिबाग यांच्या नोंदी आज एकच लांब मालिका म्हणून वापरता येतात.

दोन वर्षं! मला दोन तास पुरले असते. होस्ट-ओन्ली परत चालू करायचं, मग तीच मशीन, तोच निरोप, एकदा होस्ट-ओन्लीवर आणि एकदा एनएटीवर मोजायचा, आणि फरक लिहून ठेवायचा.

मग करायचं काय?

तुमची व्हीएम अपग्रेडनंतर मुकी झाली तर या क्रमाने जा. क्रम महत्त्वाचा, कारण प्रत्येक पायरी पुढच्या पायरीचा पाया आहे.

१. कार्ड दिसतं का, आणि कोणत्या नावाने? नाव बदललं असेल तर बाकी काही शोधू नका.

२. पत्ता मिळालाय का? व्हीएमची कॉपी करून दुसरी बनवली असेल तर 'मशीन-आयडी' बघा. उबुंटू सर्व्हरच्या १८.०४नंतरच्या आवृत्त्यांमध्ये डीएचसीपीला दिली जाणारी ओळख त्या आयडीवरून बनते. दोन मशीनचा आयडी एकच असेल तर मॅक पत्ते वेगळे असूनही दोघींना एकच आयपी मिळू शकतो.

३. बाहेर जायची वाट, म्हणजे गेटवे, बरोबर आहे का?

४. आकड्याने पिंग जातो पण नावाने नाही, असं असेल तर तो डीएनएसचा प्रश्न. तो वेगळा सोडवा.

५. गेस्टमध्ये सगळं ठीक दिसलं तर होस्टकडे वळा. कर्नल अपग्रेड झाला असेल तर व्हर्च्युअलबॉक्सचे मोड्यूल नव्या कर्नलसाठी पुन्हा बनलेत का? होस्टच्या अडॅप्टरला पत्ता आहे का? होस्टवर डॉकर आलंय का? डॉकर १.१३पासून, म्हणजे २०१७पासून, ते पुढे पाठवायची पॅकेट अडवण्याचं धोरण लावतं, आणि त्यात केव्हीएमच्या ब्रिजवरच्या मशीनची पॅकेटही अडकू शकतात.

६. एका वेळी एकच बदल करा. तीन बदल एकदम केले आणि चालू झालं, तर कशामुळे चालू झालं हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

७. आणि चालू झाल्यावर थांबू नका. अपग्रेडच्या आधीचं एखादं ठरलेलं रीडिंग पुन्हा घ्या. जुळलं तर वहीत तारखेसह लिहा. नाही जुळलं तर त्या तारखेला तक्त्यात रेघ मारा आणि रेघेच्या वरचं आणि खालचं एकत्र करू नका.

सातव्या पायरीसाठी अपग्रेडच्या आधी एक गोष्ट हाताशी हवी: ते 'ठरलेलं रीडिंग'. म्हणून आजच एक काम करा. तुमच्या व्हीएमचं होस्ट सॉफ्टवेअर, त्याची आवृत्ती, कर्नलची आवृत्ती, अडॅप्टरचा प्रकार, कार्डाचं नाव आणि पत्ता एका पानावर लिहा. खाली एका सोप्या चाचणीचा निकाल लिहा. दहा मिनिटांचं काम आहे.

माझं काय झालं? मॅडमनी रागावून काही म्हटलं नाही. "दोन आठवड्यांची रीडिंग्ज बाजूला ठेव आणि पुन्हा घे," एवढंच म्हणाल्या. सबमिशनला तेव्हा पाच आठवडे उरले होते. मी ती पुन्हा घेतली. जास्तीच्या वेळेचा बराचसा भाग गायब झाला, आणि त्याबरोबर माझा तो छान परिच्छेदही. निरोपाच्या आकाराचा परिणाम होता, पण मी लिहिला होता त्यापेक्षा खूपच लहान. तो परिच्छेद छापला गेला असता तर कोणी पकडलाही नसता, आणि मी आज तुम्हाला अभिमानाने तो दाखवत बसले असते.

पीएचडीच्या वहीत आता माझं पहिलं पान वर सांगितलेलं तेच पान असतं. आणि "काय बदललंस?" या प्रश्नाला "काही नाही" असं उत्तर द्यायच्या आधी मी ते पान उघडून बघते.